दात पुढे आलेत, की खालचा जबडा मागे राहिलाय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेनऊ वर्षांची. वरचे पुढचे दात बरेच बाहेर आलेत, झोपेत ओठ मिटत नाहीत. सहा वर्षांची होईपर्यंत अंगठा चोखायची. एक डेंटिस्ट म्हणतात लगेच सुरू करा, दुसरे म्हणतात बाराव्या वर्षी या. सासूबाई म्हणतात, रोज रात्री बोटाने दात आत दाबले की बसतात. दाढा काढल्या तर नजर अधू होते का, हीसुद्धा भीती आहे. वर्गातली मुलं तिला 'खवणी' म्हणतात. आणि जाता जाता, मुलीच्या मामाचेही दात असेच आहेत, वय ३८, त्याचं आता काही होईल का?

ताई, मी दादरला तेवीस वर्षं दातांना तारा लावण्याचंच काम करते. तुमचा प्रश्न आठवड्यातून तीनदा तरी समोर येतो, आणि बहुतेक वेळा असाच: दोन डॉक्टर, दोन मतं, मध्ये गोंधळलेली आई. तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. ते कसं, हे कळायला आधी एक गोष्ट नीट बघायला हवी.

'दात पुढे आलेत' हे आपल्याला दिसतं ते चित्र. त्यामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. फक्त दात बाहेर झुकलेत, जबडे जागच्या जागी आहेत, हा पहिला प्रकार. वरचा जबडाच पुढे वाढलाय, हा दुसरा. आणि खालचा जबडा मागे राहिलाय म्हणून वरचे दात पुढे वाटतात, हा तिसरा. माझ्याकडे 'दात पुढे' म्हणून येणाऱ्या मुलांत हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त असतो, आणि आईबाबांना तो सांगितला की खरा वाटत नाही. कारण डोळा जातो दातांकडे, हनुवटीकडे कोण बघतं! बरेचदा तिन्हींची भेळही असते.

घरी एक गोष्ट करून बघा. मुलीला सरळ बसवा, मागच्या दाढा एकमेकींवर टेकवायला सांगा आणि बाजूने बघा. मग तिला खालचा जबडा हळूच पुढे आणायला सांगा, वरचे आणि खालचे पुढचे दात समोरासमोर येईपर्यंत. पुन्हा बाजूने बघा. चेहरा एकदम छान दिसायला लागला, तर दोष बहुधा खालच्या जबड्याच्या मागे राहण्यात आहे. उलट चेहरा बोजड, तोंड फुगल्यासारखं दिसलं, तर वरचा जबडा किंवा वरचे दात हे मुख्य कारण. आम्ही क्लिनिकमध्येही पहिल्या पाच मिनिटांत हेच करतो. त्यानंतर चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, सगळ्या दातांचा एक मोठा एक्स-रे, दातांची मापं. पण अंदाज त्या पाच मिनिटांत आलेला असतो.

दुसरं, कंपासपेटीतली स्टीलची पट्टी घ्या. दाढा टेकलेल्या असताना खालच्या पुढच्या दातांच्या दर्शनी बाजूपासून वरच्या दातांच्या कडेपर्यंत आडवं अंतर किती, ते मोजा. २ ते ३ मिलिमीटर म्हणजे ठीक. ६ च्या पुढे गेलं तर मी गंभीरपणे घेते, आणि त्याचं कारण दिसणं नाही. त्याबद्दल खाली सांगते.

आता कारणांकडे. आनुवंशिकता पहिली. जबड्याची ठेवण घरातून येते, नाकासारखीच. तुम्ही भावाचा उल्लेख केलात, म्हणजे उत्तर अर्धं तुम्हीच दिलंय. अंगठ्याला सगळा दोष देऊन मुलीला बोलणं लावू नका.

तरी अंगठ्याचा वाटा आहेच. तीन-चार वर्षांपर्यंत अंगठा चोखणं ही काळजीची गोष्ट नाही, बहुतेक मुलं आपोआप सोडतात. पण वरचे पटाशीचे कायमचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात, आणि ते येण्याच्या सुमारास सवय चालू असेल तर ते अंगठ्याच्या दिशेने झुकतात. खालचे आत ढकलले जातात, वरची कमान अरुंद होते, कधी वर-खालच्या दातांमध्ये फट राहते. तुमच्या मुलीने सहाव्या वर्षी सोडलं, म्हणजे फार उशीर झाला नाही. फक्त तिने खरंच सोडलंय का, हे एकदा रात्री बाराला बॅटरी घेऊन बघा. दिवसा सोडलेला अंगठा रात्री पुन्हा तोंडात गेलेला मी खूप मुलांत पाहिलाय, आणि आईला पत्ता नसतो. ओळखायची एक खूण: दोन्ही अंगठे शेजारी ठेवून बघा. एक जास्त स्वच्छ, नरम, किंचित सुरकुतलेला किंवा त्यावर घट्टा असेल, तर चोरी पकडली गेली.

इथेच सासूबाईंच्या बोटाचंही बोलून टाकते. त्यांचं तत्त्व चुकीचं नाही, हिशेब चुकतोय. दात हलतो तो दाबाच्या जोरामुळे कमी आणि दाब किती तास राहतो त्यामुळे जास्त. दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा. ज्या बाजूला तो दाबला जातो तिथलं हाड शरीर विरघळवतं, ज्या बाजूला ताणला जातो तिथे नवं हाड बांधतं. हे काम सुरू व्हायला दिवसाचे सुमारे सहा तास तरी हलका दाब सलग लागतो. अंगठा रात्रभर तोंडात राहिला तर तेवढा मिळतो. झोपताना पाच मिनिटं बोटाने दाबून नाही मिळत. जोरात दाबलं तर दात दुखेल, एवढंच. सासूबाईंना सांगायचं तर असं सांगा की पद्धत त्यांचीच आहे, फक्त आम्ही ते बोट तारेच्या रूपात चोवीस तास ठेवतो.

तिसरं कारण ओठ आणि जीभ. दात उभे असतात ते बाहेरून ओठ-गाल आणि आतून जीभ यांच्या मधल्या तोलावर. वरचे दात एकदा पुढे आले की खालचा ओठ त्यांच्या मागे जाऊन बसतो आणि मग तोच त्यांना आणखी बाहेर ढकलतो. मुलगी अभ्यास करत असताना किंवा टीव्ही बघताना लक्ष ठेवा. खालच्या ओठावर दातांचे ठसे, ओठाखाली कोरडी लालसर पट्टी दिसली तर हाच प्रकार. म्हणजे सुरुवात कशानेही झाली असो, पुढचं काम ओठ करतोय.

चौथं, तोंडाने श्वास. झोपेत तोंड उघडं, घोरणं, सकाळी उशी ओली, सतत सर्दी. मुंबईत धूळ, पावसाळ्यातली भिंतींची ओल, बुरशी. नाक चोंदलेली मुलं इथे कमी नाहीत. नाकामागच्या अॅडेनॉइडच्या गाठी वाढल्या असतील तर मूल नाकाने श्वास घेणार कसं? तोंडाने श्वास घेतल्यानेच दात पुढे येतात असं सरसकट म्हणणं चूक आहे, पण अशा मुलांत वरचा जबडा अरुंद आणि चेहरा लांबट दिसतो हे खरं. तुम्ही लिहिलंय की झोपेत ओठ मिटत नाहीत. दात आड येतात म्हणून मिटत नाहीत की नाक बंद म्हणून, हे ठरवायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एक फेरी मारा. तारेच्या आधी.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण मी स्वतः चुकले आहे. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी तेरा वर्षांचा एक मुलगा आला होता. वरचे दात ८ मिलिमीटर पुढे. दोन उपदाढा (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) काढल्या, वीस महिन्यांत दात सुंदर आत नेले. तारा काढल्या त्या दिवशी त्याची आई पेढे घेऊन आली, मीही खूश. त्याचं तोंड सतत उघडं असायचं, गिळताना जीभ दातांवर आपटायची, ते मला दिसत होतं. पण दात सरळ झाले की होईल, असं मी धरून चालले. दोन वर्षांनी तो परत आला. दात पुन्हा ३ मिलिमीटर पुढे आलेले, मध्ये फटी. आई काही बोलली नाही, जुना 'आधीचा' फोटो तेवढा टेबलावर ठेवला. तेव्हापासून मी आधी नाक विचारते, मग दात बघते.

आता तुमचा मुख्य प्रश्न: आत्ता की बाराव्या वर्षी?

यावर भरपूर अभ्यास झालाय आणि निष्कर्ष बऱ्यापैकी स्पष्ट आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना लवकर उपचार करून, पुढे पुन्हा तारा लावून जे मिळतं, ते बहुतेक सगळं एकदाच, वयात येताना उपचार करूनही मिळतं. म्हणजे लवकर सुरू केलं म्हणून शेवटी दात जास्त छान होत नाहीत. खर्च आणि फेऱ्या मात्र वाढतात. तुमचे दुसरे डॉक्टर यामुळे थांबा म्हणाले असणार. पण लवकर उपचारांचा एक फायदा सिद्ध झालाय: पुढचे दात पडून-आपटून तुटण्याचं प्रमाण कमी होतं. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असलेल्या दातांना इजा होण्याचा धोका साधारण दुप्पट धरतात. ओठ मिटत नसतील तर त्यांच्यासमोर गादीही नसते. पहिले डॉक्टर यामुळे लगेच म्हणाले असतील. पट्टीवरचं अंतर मी मोजायला सांगितलं ते याचसाठी.

या वयात दात तुटणं जास्त वाईट असतं. कायमचा दात हिरडीतून बाहेर आला तरी त्याचं मूळ पूर्ण व्हायला आणखी तीनेक वर्षं लागतात. नऊ-साडेनऊला मुळाचं टोक उघडंच असतं, आणि तेव्हा दाताची नस मेली तर रूट कॅनल किचकट होऊन बसतं.

एक प्रसंग सांगते. मे महिना, शिवाजी पार्कवर क्रिकेट, दहा वर्षांचा मुलगा, चेंडू तोंडावर. पुढचा दात मुळासकट बाहेर. त्याच्या मित्राने, वय वर्षं अकरा, तो दात मातीतून उचलला, कोपऱ्यावरच्या दुकानातून थंड दुधाची पिशवी घेतली, कोपरा दाताने फाडला आणि दात आत टाकला. अर्ध्या तासात पिशवी माझ्या टेबलावर. तो दात परत बसवला आणि तो अजून तिथे आहे. नंतर कळलं की त्या मित्राला शाळेतल्या कुठल्याशा तासाला हे सांगितलं होतं. तुम्हीही लक्षात ठेवा: कायमचा दात निखळला तर वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका, मातीने भरला असेल तर थंड दुधात किंवा पाण्यात क्षणभर बुडवून काढा, जमलं तर तिथेच खाचेत परत बसवा, नाहीतर थंड दुधात ठेवून पळत या. साध्या पाण्यात ठेवून देऊ नका, कागदात गुंडाळू नका. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही.

तर माझं मत. अंतर ५-६ मिलिमीटरपर्यंत असेल, ओठ जरा प्रयत्नाने मिटत असतील आणि मुलगी फार धडपडी नसेल, तर मी साडेनऊला काही लावणार नाही. दर सहा महिन्यांनी बघेन. अंतर ७-८ असेल, खालचा ओठ आत अडकत असेल, ती स्केटिंग-कबड्डी खेळत असेल किंवा चिडवण्यामुळे शाळेत जायला कुरकुर करत असेल, तर छोटा पहिला टप्पा करेन: काढता-घालता येणारी प्लेट, किंवा चार-सहा महिने पुढच्या थोड्या दातांपुरत्या तारा. उद्देश एवढाच की दात धोक्याच्या जागेतून आत यावेत आणि ओठ बाहेर यावा. पूर्ण तोंडाला तारा या वयात कुणी सुचवल्या, तर 'का' असं विचारा. निम्मे दात अजून दुधाचे आहेत, तारा लावणार कशाला?

पण 'बाराव्या वर्षी या' याच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. ते उत्तर मुलग्यांचं आहे. खालचा जबडा मागे असेल तर उपचारांची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे उंची झपाट्याने वाढते तो काळ. मुलींमध्ये तो मुलग्यांच्या दोनेक वर्षं आधी येतो, आणि पाळी सुरू होण्याच्या साधारण वर्षभर आधी त्याचा कळस असतो. आता कितीतरी मुलींची पाळी अकरा-बाराला सुरू होते. म्हणजे बाराव्या वर्षी तुम्ही पोचाल तेव्हा गाडी प्लॅटफॉर्म सोडून गेलेली असू शकते. म्हणून मी वय विचारत नाही. गेल्या सहा महिन्यांत बूट किती वेळा बदलले, युनिफॉर्मची लांबी उसवली का, असं विचारते. आणि तुम्हाला स्वतःला पाळी कितव्या वर्षी आली, हेही. बाजूच्या एक्स-रेत मानेचे मणके दिसतात, त्यांच्या आकारावरूनही वाढ किती उरलीय ते कळतं. वाढ किती उरलीय हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला संकोचू नका, तो तुमच्या मुलीच्या बाबतीत अंतरापेक्षाही महत्त्वाचा ठरू शकतो. साडेदहापासून दर चार महिन्यांनी दाखवत राहा.

त्या वेळी जे लावतात त्यात माझ्या वापरात सगळ्यात जास्त आहे ट्विन ब्लॉक. विल्यम क्लार्क नावाच्या स्कॉटलंडच्या दंतवैद्याने १९७७ साली काढलेलं साधन. वरची एक प्लेट, खालची एक, दोन्हींवर उतरते ठोकळे. तोंड मिटलं की उतार एकमेकांवर घसरतात आणि खालचा जबडा पुढेच जाऊन बसतो, दुसरीकडे बसायला त्याला जागाच नाही. नऊ महिने ते वर्षभर, जवळजवळ चोवीस तास, जेवतानासुद्धा. पहिला आठवडा बोलणं बोबडं होतं, लाळ गळते, वरण-भात खायलाही अर्धा तास लागतो. दहाव्या दिवशी मूल विसरतं. त्यानंतर दात नीट लावून घ्यायला वर्ष-दीड वर्ष पक्क्या तारा.

याने खालचा जबडा 'वाढतो' असं सांगणारे भेटतील. खरं सांगायचं तर अंतर कमी होण्यात मोठा वाटा दात हलण्याचा असतो, जबड्याचा वाटा लहान, एक-दोन मिलिमीटरचा. तरी चेहऱ्यात फरक दिसतो, कारण ओठ मिटायला लागतात.

आता दाढा काढणं. आधी भीती मिटवते: दात काढल्याने नजर जात नाही. दातांच्या संवेदना वाहणारी नस वेगळी, बघण्याची नस वेगळी, दोघींचा संबंध नाही. ही समजूत का पसरली असेल याचा माझा अंदाज असा की पूर्वी लोक दात काढायचे चाळिशीत, आणि चष्माही चाळिशीतच लागायचा.

काढतात त्या खऱ्या मोठ्या दाढा नव्हेत, सुळ्यामागच्या पहिल्या उपदाढा. प्रत्येकीची रुंदी ७ मिलिमीटरच्या आसपास. दात आत न्यायचे तर त्यांना जागा हवी. लोकलच्या चौथ्या सीटसारखं 'जरा सरका' म्हणून प्रत्येक वेळी भागत नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांचे वरचे-खालचे दोन्हीकडचे दात पुढे असतात, तोंड भरल्यासारखं दिसतं. तिथे उपदाढा न काढता केलेले उपचार मला पटत नाहीत, दात सरळ होतात पण तोंड तसंच राहतं. उलट खालचा जबडा लहान, नाक मोठं, ओठ पातळ अशा चेहऱ्यात उपदाढा काढल्या तर ओठ आत बसून चेहरा वयस्क दिसू शकतो. तेव्हा 'काढाव्या लागतील का' याचं उत्तर एक्स-रे आणि मापांशिवाय कुणी दिलं, तर दुसरीकडे दाखवा. साडेनऊला तर हा प्रश्न येतच नाही.

जागा झाल्यावर पुढचे दात मागे खेचणं ही रस्सीखेच असते. पुढचे मागे येताना मागच्या दाढा पुढे सरकायला बघतात, आणि कष्टाने मिळवलेली जागा त्या खाऊन टाकतात. म्हणून हल्ली गरज पडली तर हाडात छोटा स्क्रू बसवतो, खुंटीसारखा, आणि त्याला बांधून खेचतो. ऐकायला भयंकर वाटतं. बसवताना दात काढण्यापेक्षा कमी त्रास होतो. वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर. 'सहा महिन्यांत गॅरंटी' असं बोर्डावर लिहिलेलं दिसलं तर पुढच्या गल्लीत वळा.

मामांबद्दल. वयाची अडचण नाही. पन्नाशीतल्या बाईंनाही मी तारा लावल्यात, मुलीच्या लग्नाआधी स्वतःचे दात नीट करून घ्यायचे म्हणून. पण ३८ व्या वर्षी माझा पहिला प्रश्न वेगळा असेल: दात लहानपणापासून असेच आहेत, की गेल्या चार-पाच वर्षांत पुढे आलेत, मध्ये फटी पडल्यात? कॉलेजच्या आयकार्डावरचा फोटो बघा. फरक असेल तर तो बहुधा हिरड्यांचा आजार आहे. हाड झिजलं की पुढचे दात पंख्यासारखे पसरतात. ब्रश करताना रक्त, तोंडाला वास, तंबाखू किंवा मशेरी, मधुमेह, मागच्या दाढा काढून तशाच सोडलेल्या, हे विचारा. अशा तोंडात आधी हिरड्यांचे उपचार आणि मग हलक्या हाताने तारा. उलट केलं तर दातच हातात येतील.

लहानपणापासूनच असेल आणि हिरड्या धड असतील, तर दोन वाटा. जबड्यांतला फरक माफक असेल तर दात हलवून तो झाकता येतो. फरक मोठा असेल तर तारा आणि जबड्याची शस्त्रक्रिया. वाढ संपलेल्या माणसात जबडा पुढे-मागे करायचा दुसरा मार्ग नाही. पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या खोळी, थोड्या पुढे आलेल्या, फटी असलेल्या दातांना छान चालतात, दिवसाला बावीस तास घालणार असाल तर. पण डॉक्टरने तोंड न बघता घरी साचा मागवून पाठवलेल्या अलायनरच्या नादी लागू नका. हिरडीखालचं हाड साच्यात दिसत नाही.

आणि एक चीड आहे ती इथेच काढते. लग्न पंधरा दिवसांवर, म्हणून धडधाकट दात घासून बारीक करायचे, नस काढायची आणि त्यांवर आत झुकलेल्या कॅप बसवायच्या. फोटो सुंदर येतात. पंचविशीत घासलेल्या दाताची कॅप आयुष्यात दोन-तीनदा बदलावी लागते, त्याचा हिशेब त्या दिवशी कुणी सांगत नाही. मामांना कुणी असं सुचवलं तर त्यांना माझ्याकडे नको, पण निदान आणखी एकाकडे पाठवा.

खर्च. क्लिनिकनुसार आणि तारेच्या प्रकारानुसार खूप फरक पडतो, म्हणून आकडा देत नाही. पण आकडा विचाराल तेव्हा त्यात काय धरलंय ते विचारा. उपदाढा काढणं, तुटलेलं ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा तुकडा) परत लावणं, शेवटचा रिटेनर (तारांनंतर दात जागेवर धरून ठेवणारी प्लेट), तो हरवला तर दुसरा. झेपणारं नसेल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, दोन्हीकडे या विषयाचा (ऑर्थोडॉन्टिक्स) स्वतंत्र विभाग आहे. पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर काम करतात, वर शिक्षक असतात. वेळ जास्त जातो, थांबावं लागतं, पण काम मन लावून होतं. मीही तसंच शिकले. खासगीत जाल तर डॉक्टरांची एमडीएस ही पदव्युत्तर पदवी याच विषयातली आहे का, ते बघा. बीडीएसनंतरची तीन वर्षं यातच जातात.

तारा लागल्यावर दोन गोष्टी आईने बघायच्या असतात. एक, घासणं. ब्रॅकेटभोवती अन्न राहिलं तर तारा काढल्यावर दातांवर पांढरे चौकोनी डाग उरतात, ते सहजी जात नाहीत. दुसरं, कडक खाणं. दिवाळीनंतरचा आठवडा माझ्याकडे नुसती तुटलेली ब्रॅकेट जोडण्यात जातो: चकली, कडक लाडू, चिक्की. पेरू कापून, भाकरी कालवून, ऊस विसरायचा.

आणि रिटेनर. तारा काढल्यावर हिरडीतले धागे नव्या जागेशी जुळायला वर्षभर घेतात, तोवर ते दाताला जुन्या जागी खेचत राहतात. पहिलं वर्ष नेटाने, पुढे रात्री, आणि खरं तर रात्रीचं कधीच थांबवू नये. उडपी हॉटेलात जेवताना काढून पेपर नॅपकिनमध्ये ठेवलेले किती रिटेनर पोऱ्याने ताटाबरोबर उचलून नेले, याची मोजदाद नाही. पहिल्याच दिवशी डबी घेऊन द्या.

'खवणी'बद्दल. वर्गशिक्षिकेशी बोला, मुलीसमोर नको. आणि मुलीला एकदा तिच्या वरच्या दोन दातांमधल्या फटीबद्दलही सांगा, असेल तर. या वयात बहुतेक मुलांना ती असते, दात बाहेरच्या बाजूला पसरल्यासारखे दिसतात, आणि अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे उतरले की बरीचशी मिटते. तिच्या वर्गात असे निम्मे असतील, चिडवणाऱ्यांतलेही.

आता तुमच्यासाठी काम. पट्टीवरचं अंतर लिहून ठेवा. बाजूने एक फोटो काढा, ओठ सैल सोडलेले, हसायला न सांगता. रात्रीचा श्वास तीन दिवस बघा. कान-नाक-घसा दाखवून या. मग हे सगळं घेऊन दोन्ही डॉक्टरांकडे परत जा आणि विचारा की जबडा मागे आहे की दात पुढे, आणि तिची वाढ किती उरलीय. उत्तर जो चेहऱ्याकडे बघून देईल, त्याच्याकडे थांबा. मामांचा जुना आयकार्डाचा फोटोही शोधून ठेवा. आणि दातांच्या आधी त्यांना साखर तपासून यायला सांगा.